पिल्लाआधी आई बघा



शेळी, कोंबडी, गाय यांच्यावर आपण नेहमीच बोलतो. आज कुत्र्यावर बोलायचं आहे. हसू नका. हल्ली गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो की, "जातिवंत कुत्र्याची एक मादी घेतली, तर पिल्लं विकून गटाचं कर्ज फिटेल का?" कुणाच्या तरी मुलानं फोनवर पिल्लांचे भाव दाखवलेले असतात. सहा पिल्लं गुणिले भाव, असा हिशेब केला की शेळीपेक्षा हे काम सोपं वाटायला लागतं.

माझं उत्तर आधीच सांगते. निव्वळ या धंद्यासाठी कर्ज काढू नका. घरात चांगली मादी आधीपासून असेल, तिची देखभाल करायला माणूस असेल आणि एखादं वेत वाया गेलं तरी घर अडणार नसेल, तर हे काम जरूर करा. ते कसं करायचं, तेच आज बघू.

पहिला प्रश्न, कुत्रं कोणतं? आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढं जातो. तिथं बर्फातल्या केसाळ हस्कीला किंवा सेंट बर्नार्डला पत्र्याच्या खोलीत ठेवणं म्हणजे जनावराचा छळ आहे. आपल्या दख्खनच्या मातीतलं जातिवंत कुत्रं आपल्याकडं आहेच, ते म्हणजे कारवानी. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, पातळ कातडी आणि वाऱ्यासारखी धाव. लांब केसांचं असलं की त्याला पश्मी म्हणतात. कर्नाटकात याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात, कारण मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली, वाढवली. मुधोळजवळच्या तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या कुत्र्यांसाठी खास केंद्र आहे. २००५ साली टपाल खात्यानं या कुत्र्याचं तिकीट काढलं. त्याच्या कागदांवर मात्र नावाचा घोळ होतो. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कॅरव्हान हाउंड म्हणून नोंदवतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. घेणारा नावावरून वाद घालायला लागला, तर हे माहीत असू द्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. वाड्याची, गोठ्याची नुसती राखण हवी असेल, तर गावठी कुत्रंच बरं. कारवानी हे पळण्याचं कुत्रं आहे. डोळ्याला हललेलं दिसलं की ते सुटतं, मग हाक ऐकत नाही. दिवसभर साखळीला बांधलं तर ते बिघडतं. थंडीत त्याला पोतं किंवा गोधडी लागते, कारण अंगावर चरबीच नसते.

आता खरी गोष्ट. पिल्लाची किंमत पिल्लावर ठरत नाही, त्याच्या आईबापावर ठरते. संगमनेरी शेळी आपल्याला माहीत आहे. वाटेल तो बोकड लावत गेलो, तर दोन पिढ्यांत संगमनेरी उरेल का? कुत्र्याचंही तसंच आहे. आणि सोयरीक करताना आपण कुळी बघतो, पण भावकीत मुलगी देत नाही. इथंही तेच करायचं. कारवानी कुत्री थोड्याच घरांत असतात, त्यामुळं शेजारच्या गावातला नर हा बऱ्याचदा मादीचा भाऊ किंवा चुलता निघतो. अशा नात्यातल्या वेतात कमजोर आणि मेलेली पिल्लं वाढतात. म्हणून एक वही ठेवा. आई कोण, बाप कोण, आजा-आजी कोण, कुठल्या गावची. नर लावण्याआधी मालकाशी बोलून घ्या की पैसे द्यायचे की एक पिल्लू, आणि पिल्लू असेल तर पहिली निवड कुणाची. याच मुद्द्यावर पुढं भांडणं होतात.

विकण्यासाठी पैदास करणाऱ्यांना २०१७ पासून केंद्र सरकारचे नियम लागू आहेत. राज्य पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. मादी १८ महिन्यांच्या आत फळवायची नाही आणि आठ वर्षांनंतरही नाही. तिची तब्येत डॉक्टरकडून आधी तपासून घ्यायची. लागोपाठच्या दोन माजांत पिल्लं घ्यायची नाहीत. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकायचं नाही. कान-शेपूट कापायची नाही. नोंदणीची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करा. आणि आता तो फोनवरचा हिशेब पुन्हा मांडून बघा. एक माज सोडून वेत घ्यायचं म्हटलं, की एका मादीपासून वर्षाला फार तर एक वेत, कधी तेही नाही.

मादी साधारण सहा ते आठ महिन्यांनी माजावर येते, काही देशी माद्या वर्षातून एकदाच. रक्त दिसलं तो दिवस वहीत लिहा. साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसात ती नराला घेते. एक दिवस मध्ये सोडून दोनदा नर दाखवतात. दोघं अडकली तर पाणी ओतू नका, काठी मारू नका, ती आपोआप सुटतात. नर लावून झाला म्हणून मादी मोकळी सोडू नका. माज पुरते तीन आठवडे धरा. त्या काळात गावातलं दुसरं कुत्रं लागलं, तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात आणि मग वहीला काही अर्थ उरत नाही.

गाभण काळ ६३ दिवसांचा, दोन-चार दिवस मागंपुढं. पहिला महिना नेहमीचाच आहार. शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू दीडपट. नुसती भाकरी आणि ताक पुरत नाही. अंडं, शिजवलेलं मांस, डाळ, दही यांतलं काही रोज हवं. कांदा-लसूण नको, कुत्र्याच्या रक्ताला तो मारक आहे. मटणाच्या दुकानातली कच्ची आतडी-फुप्फुसं घालू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतो आणि त्याची अंडी आपल्या, शेरडांच्या आणि लेकरांच्या पोटात जातात.

इथं एक इशारा. गाईला विण्याआधी-नंतर कॅल्शियमची बाटली पाजायची आपल्याला सवय आहे. गाभण कुत्रीला डॉक्टरांना न विचारता ती पाजू नका. गाभणपणी बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं, की हाडातलं कॅल्शियम रक्तात सोडायची शरीराची सवय मंदावते. मग पिल्लं दोन-तीन आठवड्यांची होऊन दूध जोरात सुरू झालं, की मादीला एकदम कमी पडतं. ती धापा टाकते, अस्वस्थ होते, पाय ताठ होतात, थरथरते, झटके येतात. पिल्लं तिच्यापासून दूर करा आणि तासाभरात डॉक्टर गाठा. शिरेतून दिलेलं औषध तिला वाचवतं. सकाळपर्यंत बघू म्हणाल, तर मादी जाते आणि पिल्लंही उपाशी पडतात.

विण्याची जागा आठ-दहा दिवस आधी करा. घरातला शांत कोपरा, खाली पोतं, वर धुतलेली जुनी लुगडी. विण्याच्या दिवशी ती खात नाही, पोतं उकरते, अंगाचं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरतं. पिल्लू पिशवीत येतं. आईनं पिशवी फाडली नाही, तर आपण फाडायची आणि नाक-तोंड पुसायचं. नाळ आई तोडते. आपल्याला तोडावी लागली, तर उकळलेल्या दोऱ्यानं बांधून स्वच्छ कात्रीनं कापा आणि टोकाला आयोडीन लावा. किती पिल्लं, किती वारा, हे मोजा. अर्धा तास जोरात कळा येऊनही पिल्लू नाही, दोन पिल्लांत दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेला, किंवा एकही पिल्लू येण्याआधी हिरवट-काळा स्राव आला, तर घरचे उपाय करत बसू नका. १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल-फ्री नंबर आहे. फिरत्या दवाखान्याची गाडी त्यावर मागता येते. आणि शस्त्रक्रियेची वेळ आली, तर हे कारवानी आहे असं डॉक्टरांना सांगा. अशा सडपातळ कुत्र्यांना भुलीची काही औषधं जास्त काळ चढून राहतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना दुधाइतकीच ऊब हवी असते. त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, आधी छातीशी धरून किंवा कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून ऊब द्या, मग आईला लावा. पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येकाच्या पोटात गेलाच पाहिजे. किराणा तोलायचा छोटा काटा असेल, तर रोज वजन करा. ज्याचं वजन दोन दिवस वाढत नाही, त्याला मागचं सड धरून द्या. दुबळं पिल्लू डोळ्याला कळायच्या आधी काट्याला कळतं.

जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांपर्यंत. सहा ते आठ आठवड्यांत पार्वो-डिस्टेंपरची पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, चार महिने होईपर्यंत. तीन महिन्यांनी रेबीजची लस, पुढं डॉक्टर सांगतील तशी. पार्वो म्हणजे रक्ताची हगवण. त्यात एक-दोन दिवसांत अख्खं वेत संपतं आणि त्याचे विषाणू मातीत कितीतरी महिने राहतात. म्हणून लसीकरण होईपर्यंत कुत्री पाळणारा पाहुणा पिल्लांजवळ नको. गाई-म्हशींचं गोचिडाचं औषध अंदाजानं पिल्लांवर ओतू नका. त्यानं पिल्लं दगावतात.

शिकवणं तिसऱ्या आठवड्यापासूनच सुरू होतं. तीन ते बारा आठवडे या वयात पिल्लू जे बघेल, त्याला ते पुढं घाबरत नाही. म्हणून रोज हाताळा, मिक्सरचा, मोटारसायकलचा आवाज ऐकू द्या, लेकरांना आपल्या देखत जवळ येऊ द्या, शेळ्या-कोंबड्यांच्या शेजारी लांब दोरीवर बसवा. कोंबडीकडं बघून शांत बसलं, की भाकरीचा तुकडा. पळालं तर दोरी धरून थांबवा, मारू नका. "ये" म्हटल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीच रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी ते येणार नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. सासूबाई "हिकडं ये" म्हणणार आणि मुलगा "कम" म्हणणार, तर कुत्र्यानं ऐकायचं कुणाचं? दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं बास.

अकोले, संगमनेर, राहुरी, नेवासा या बाजूच्या ऊसपट्ट्यातल्या मैत्रिणींनी आता नीट ऐका. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं. वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली आणि त्यात एकटी कुत्री ३९ टक्के. कुत्रं बिबट्यापासून आपलं रक्षण करील, असं धरून चालू नका. बांधलेलं कुत्रं त्याला सोपी शिकार असतं आणि त्या वासानं तो दाराशी येतो. मादी आणि पिल्लं रात्री चारी बाजूंनी बंद, वरून जाळी असलेल्या खोलीत ठेवा. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, तो चांगला, पण बंद दार त्याहून चांगलं.

आणि गिऱ्हाईक कोण आहे, तेही बघा. कारवानी घेणाऱ्यांतले काही जण शिकारीसाठी घेतात आणि तसं उघड बोलतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशाचीसुद्धा शिकार गुन्हा आहे, काळविटाची तर आहेच. कर्जत तालुक्यात काळविटांचं रेहेकुरी अभयारण्य आहे. त्याच्या आसपास कारवानी मोकळं सोडलं, तर ते काळविटामागं धावणारच. असल्या माणसाला पिल्लू देऊ नका, भाव दुप्पट दिला तरी. वहीत घेणाऱ्याचं नाव-गाव, तारीख आणि लसींची नोंद लिहा, एक प्रत त्याला द्या. सहा महिन्यांपुढचं कुत्रं नोंदणी नसलेल्याला विकायचं, तर नियमानं त्याची नसबंदी करून द्यावी लागते, म्हणून न विकलं गेलेलं पिल्लू वर्षभर सांभाळून मग विकू, हा बेत आधीच सोडा.

शेवटी, पिल्लांशी खेळताना कुणाला दात किंवा ओरखडा लागला, घरचंच कुत्रं असलं तरी, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुढच्या तारखा डॉक्टर लिहून देतील. एकही तारीख चुकवायची नाही, त्या दिवशी बाजार असला तरी.