घोरणं गोड नसतं

आमचा गोट्या झोपला की त्याचं घोरणं दारापर्यंत ऐकू येतं. आधी आम्ही हसायचो, मुलं व्हिडिओ काढायची. गेल्या एप्रिलमध्ये ते हसणं थांबलं. दुपारी चार वाजता त्याला हिनकलमध्ये फिरायला नेलं आणि शंभर पावलांत तो खाली बसला. जीभ जांभळट, श्वासाला घरघर. मैसूरची हवा थंड म्हणतात, पण एप्रिलमध्ये इथेही पारा ३५ अंशांच्या आसपास जातो.

गोट्या पग आहे. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे फिरणारा पग दिसला आणि ही जात घराघरांत पोचली. चपटं तोंड दिसायला गोड, पण आतली अडचण मोठी. माणसांनी निवडून निवडून कवटी आखूड केली, टाळूचा मऊ भाग मात्र लांबच राहिला. तो श्वासाच्या वाटेत येतो. नाकपुड्याही अरुंद. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. श्वासच अडला तर उष्णता आत कोंडते.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आधी वजन उतरवा." बिस्किटं आणि ताटातला घास बंद केला. गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा हार्नेस घेतला. फिरणं पहाटे किंवा अंधार पडल्यावर. बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही ठेवत नाही.

आणखी एक सवय लागली: गाढ झोपेत श्वास मोजायचे. छाती एकदा वर-खाली झाली की एक. मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास वारंवार दिसले, तर डॉक्टरांना दाखवायचं. हिरड्या निळसर झाल्या किंवा कुत्रा कोसळला, तर वाट पाहायची नाही. सावलीत आणून अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा. काही कुत्र्यांच्या नाकपुड्या आणि टाळू शस्त्रक्रियेने मोकळे करता येतात, पण भूल देण्यातही धोका असतो. म्हणून निर्णय तपासणीनंतरच.

पग आणायचा विचार असेल, तर आधी पिल्लाच्या आईला थोडं चालवून तिचा श्वास ऐका. गोट्या आता दोन किलोंनी हलका झालाय. घोरतो अजूनही. पण आता आम्ही व्हिडिओ काढत नाही, श्वास मोजतो. काल रात्री २४ होते.