रिपोर्ट नॉर्मल, तरी धडधड

छातीत धडधड होते म्हणून पन्नाशीचा एक शेतकरी दवाखान्यात येतो. ईसीजी निघतो, रक्तदाब तपासला जातो. डॉक्टर म्हणतात, "दादा, रिपोर्ट नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका." कागदाची घडी खिशात घालून तो घरी परततो. रात्री दोनला डोळे उघडतात आणि पुन्हा तीच धडधड, तोच घशात अडकलेला श्वास. नाशिक जिल्ह्यातल्या कळवणमध्येच काय, तालुक्याच्या कुठल्याही गावात हे रोज घडतं.

त्याचं हृदय ठणठणीत आहे हे खरं, आणि धडधड होते हेही तितकंच खरं. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डला. धोक्याची चाहूल लागताच तो शरीराला सावध करतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, हातपाय गार पडतात. बांधावर साप दिसला तर हीच यंत्रणा जीव वाचवते. साप निघून गेला की ती शांतही होते. पण धोका म्हणजे पुढच्या महिन्यातला हप्ता, चाळीत पडलेला कांदा किंवा परगावी गेलेली लेक असेल, तर तो निघून जात नाही. मग यंत्रणा दिवसरात्र चालू राहते. या न विझणाऱ्या धास्तीला मानसशास्त्रात चिंता म्हणतात.

ही धास्ती अनेकदा आयुष्याच्या वळणावर गाठते. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०, निवृत्तीला ४५. लग्नासारखी आनंदाची घटनाही त्या यादीत वरच्या बाजूला आहे. बदल चांगला असो की वाईट, जुनी घडी मोडून नवी बसवायला मनाला बळ लागतंच, हे त्या यादीने दाखवलं.

आपल्या कळवणकडच्या कसमादे पट्ट्याची यादी केली तर तिच्यात वेगळ्या ओळी येतील. तेल्या रोगाने हातची गेलेली डाळिंबाची बाग. आश्रमशाळेतून थेट नाशिकच्या वसतिगृहात आलेली, पहिल्यांदाच घरापासून लांब राहणारी आदिवासी मुलगी. द्राक्षाच्या हंगामात बिऱ्हाड पाठीवर घेऊन दिंडोरी-निफाडकडे जाणारं कुटुंब. तीस वर्षं शाळेची घंटा ऐकून निवृत्त झालेले आणि आता सकाळी कुठे जायचं हे न सुचणारे गुरुजी. यांना कोणताही मोठा आजार नाही. त्यांना आधार हवा आहे.

आधार देणारे आपल्याकडे कमी नाहीत. भाऊबंद आहेत, शेजार आहे, सप्तशृंगीच्या गडावर डोकं टेकवून आल्यावर हलकं वाटतं हाही अनेकांचा अनुभव आहे. तो आधार मोलाचाच आहे. पण घरची माणसं मायेपोटी घाई करतात. "एवढं काय त्यात," "मन घट्ट कर," "अमक्याचं बघ, त्याचं तर तुझ्याहून वाईट." ऐकणारा सल्ला देऊन मोकळा होतो आणि बोलणारा गप्प बसतो.

आधारात्मक मानसोपचार, म्हणजे समुपदेशकाशी बोलून मिळणारा आधार, वेगळा ठरतो तो इथे. समुपदेशक आधी पूर्ण ऐकून घेतो. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत मांडून "मला बरोबर समजलं ना?" असं विचारतो. माणसाने आजवर कोणती संकटं कशी पार केली, हे त्याच्याच तोंडून काढतो. मग आजची अडचण छोट्या तुकड्यांत मोडून त्यातला एक तुकडा या आठवड्यासाठी निवडतो. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच मांडलं होतं की समोरच्याची भावना आतून समजून घेणं, त्याला अटी न घालता स्वीकारणं आणि स्वतः सच्चं राहणं, यांतूनच माणूस बदलू लागतो.

बोलण्याने मेंदूत काय होतं, याचाही शोध घेतला गेला आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात केलेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. लोकांना घाबरलेले, चिडलेले चेहरे दाखवत मेंदूची चित्रं घेतली गेली. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव दिलं, तेव्हा अमिग्डलाची हालचाल मंदावली आणि कपाळामागचा, भावनांना आवर घालणारा भाग जागा झाला. "जीव घाबरतोय" एवढंच म्हणत राहण्याऐवजी "कर्जाची नव्हे, लोकांत नाचक्की होण्याची भीती वाटते" असं नेमकं बोलता आलं, तर उतारा तिथूनच सुरू होतो.

चिंतेची आणखी एक खोड असते, टाळाटाळ. बसमध्ये धडधड झाली की माणूस बसने जाणं सोडतो. त्या क्षणी हायसं वाटतं, म्हणून मेंदू शिकतो की बस खरंच धोक्याची होती. मग बाजार सुटतो, लग्नकार्य सुटतं, घराचा उंबरठाही जड होतो. चांगला समुपदेशक बोट धरून टाळलेल्या गोष्टींकडे परत नेतो. आज बसस्थानकापर्यंत, पुढच्या आठवड्यात एक थांबा.

पण हे करणार कोण? तज्ज्ञ शहरात, आणि कळवणहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधलं गेलं. २०१३ ते २०१५ या काळात पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' हा प्रकल्प चालला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने तो उभा केला. त्यात गावातल्याच स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिलं गेलं. काही जण 'मित्र' झाले, त्यांनी गावातली दुःखी, खचलेली माणसं ओळखायची. काही 'चॅम्पियन' झाले, त्यांनी अशा माणसाला चार ते सहा वेळा भेटून ऐकायचं, अडचण सोडवायला मदत करायची, बंद पडलेली कामं पुन्हा सुरू करायला लावायची. कौटुंबिक भांडण, दारू, बेकारी यांवरच्या छोट्या फिल्म ते मोबाइलवर दाखवत. सरकारी योजनेचा लाभ अडला असेल तर त्यातही हात देत, आणि दुखणं गंभीर वाटलं तर सरकारी रुग्णालयाकडे पाठवत. पुढे हेच काम गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झालं. रेशन अडलेल्या माणसाला नुसतं "खोल श्वास घ्या" सांगून भागत नाही, हे पेठच्या कामाला उमगलं होतं, म्हणून मला ते फार जवळचं वाटतं.

शेजारच्या गोव्यात तर याचं मोजमाप झालं. 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमले. ते डॉक्टर नव्हते. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या मदतीतून सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर आज्यांना बसवलं. त्या बोलीभाषेत बोलतात, ऐकतात, मार्ग काढायला मदत करतात. त्यांच्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. हा शब्द आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

आज कळवणच्या माणसाने मदत कुठे शोधावी? पहिला दरवाजा खिशातल्या फोनचा. केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. दुसरा दरवाजा उपजिल्हा रुग्णालयाचा. तिथे समुपदेशन कधी मिळतं आणि नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात कसं जायचं, हे मोकळेपणाने विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून हे उपचार मिळण्याचा आणि आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे.

खासगी समुपदेशकाकडे जाणार असाल तर त्याचं शिक्षण विचारायला संकोचू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. औषध लागलं तर ते मनोविकारतज्ज्ञ देतात. पहिल्या भेटीनंतर स्वतःला विचारा: माझं ऐकलं गेलं का? कशासाठी आणि साधारण किती वेळा भेटायचं, हे ठरलं का? चार-पाच भेटींनंतरही फरक वाटत नसेल तर तसं सांगा, आणि गरज पडली तर माणूस बदला. जगणं नको वाटू लागलं, अन्नावरची वासना गेली, अनेक रात्री झोप आली नाही किंवा दारू वाढत चालली, तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये.

आता त्या शेतकऱ्याकडे परत जाऊ. त्याने आधी ईसीजी काढला हे योग्यच केलं, कारण छातीचं दुखणं अंगावर काढू नये. उणीव होती ती रिपोर्टनंतरच्या एका प्रश्नाची. "दादा, हल्ली घरात, शेतात काय बदललंय?" डॉक्टरांनी विचारावा, आशाताईंनी विचारावा, नाही तर पारावर शेजारी बसलेल्याने. आणि विचारल्यावर तो बोलून संपेपर्यंत मध्ये बोलू नये.