कायदा वय पाहतो, गाव आडनाव विचारते

विशेष प्रतिनिधी

घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. कापसाच्या पट्ट्यातील या लहान शहरात शाळा, शिकवणी वर्ग आणि बाजारपेठेत रोज भेटणारी मुले एकमेकांना घराण्यानिशी ओळखतात. अशा गावातील अकरावीत शिकणाऱ्या एका मुस्लिम मुलाची कल्पना करू. वर्गातील हिंदू मुलीविषयी त्याला ओढ वाटते, तिलाही त्याच्याविषयी. या वयात कोणाच्याही वाट्याला येणारी ही गोष्ट. मात्र कुजबुज सुरू झाली की ती दोघांची राहत नाही, तिला धर्माचा रंग चढतो. मुलगा संशयित ठरतो आणि मुलीचे शिक्षण थांबण्याची वेळ येते. मुलगी मुस्लिम आणि मुलगा हिंदू असला, तरी तिच्या वाट्याला येणारा जाच कमी नसतो.

या संशयाची मुळे प्रेमापेक्षा जुनी आहेत. न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मुस्लिम समाजाच्या मागासलेपणाबरोबरच या अनुभवाचीही दखल घेतली. दाढी, टोपी वा बुरखा पाहून संशय घेतला जातो, देशनिष्ठा पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते, ही अनेकांची व्यथा त्यात नोंदलेली आहे. सहा ते चौदा वर्षे वयाची २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा त्यांनी ती मध्येच सोडली होती, असेही समितीला आढळले. म्हणजे अकरावीपर्यंत पोहोचलेला हा मुलगा आधीच बरेच काही ओलांडून आलेला असतो. एका अफवेने त्याचे शिक्षण तुटू शकते.

अठरा वर्षांच्या आत

मैत्री करणे, एखाद्याला आवडणे हा गुन्हा नाही. मात्र बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजेच ‘पोक्सो’, अठरा वर्षांखालील व्यक्तीची शरीरसंबंधांना असलेली संमती ग्राह्य धरत नाही. त्यापूर्वी संमतीचे वय सोळा होते. अल्पवयीन मुलीला पालकांच्या संमतीविना सोबत नेल्यास अपहरणाचा गुन्हाही दाखल होऊ शकतो. ‘ती स्वतःहून आली’ हा बचाव तेथे सहसा टिकत नाही. हा नियम सर्व धर्मीयांना सारखाच लागू आहे. म्हणून घर सोडून पळून जाण्याचा सल्ला देणारे मित्र या दोघांचे हित करत नाहीत.

सज्ञान झाल्यावर

पुढे दोघांना विवाह करायचा असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग खुला आहे. त्यासाठी मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण हवे. कोणालाही धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते. विवाह अधिकाऱ्याला नोटीस दिल्यावर ती कार्यालयात लावली जाते आणि ३० दिवस आक्षेपांसाठी ठेवली जाते. विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात.

आक्षेप कोणीही घेऊ शकतो, पण तो वय, आधीचा विवाह, निषिद्ध नाते अशा कायद्यातील अटींपुरताच. ‘धर्म वेगळा आहे’ हा आक्षेप चालत नाही. तरीही फलकावरची दोन नावे गावापर्यंत पोहोचतात, आणि दबावाची खरी सुरुवात तेथूनच होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटिशीची प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. तो निर्णय उत्तर प्रदेशातील होता.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केरळच्या हादिया प्रकरणात उच्च न्यायालयाने रद्द ठरवलेला विवाह पुन्हा वैध ठरवला आणि जोडीदार निवडणे हा सज्ञान व्यक्तीचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. महाराष्ट्रातील घडामोडींचा सूर मात्र वेगळा राहिला. राज्य सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांसाठी कुटुंब समन्वय समिती नेमली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तथाकथित ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती स्थापन झाली. अशा निर्णयांची चर्चा गावात पोहोचते, तेव्हा शाळकरी मुलाकडेही संशयाने पाहिले जाते.

वडीलधाऱ्यांची जबाबदारी

जात पंचायत वा जमातीने कुटुंबाला वाळीत टाकल्यास महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू होतो. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा निःशुल्क क्रमांक आहे.

पण त्याआधीचे काम घर आणि शाळेचे आहे. शिक्षकांनी वर्गातील टोमणे वेळीच थांबवले, पालकांनी मारहाणीआधी मुलांचे ऐकून घेतले, तर दोघांचेही शिक्षण वाचते. पहिले प्रेम टिकेल किंवा विरेल, ते त्या दोघांचे त्यांना कळेल. मुलाच्या आडनावावरून त्याचा हेतू ठरवण्याची घाई मोठ्यांनी टाळायला हवी.