२४ सप्टेंबर: एक शहर, तीन तारखा, एकच सवाल

कॅलेंडरच्या पानावर २४ सप्टेंबरच्या चौकटीत फार तर तिथी आणि नक्षत्र छापलेले असते. फुले-आंबेडकरी चळवळीच्या माणसाला मात्र ही चौकट सहज ओलांडून जाता येणार नाही.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यानंतर बरोबर ५९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, याच पुण्यातील येरवड्याच्या तुरुंगात बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. तारीख जुळली हा योगायोगच. पण दोन्ही दिवशी सवाल एकच होता आणि तो योगायोग नव्हता. आमच्या वतीने मधला माणूस कोण आणि त्याला तो अधिकार दिला कोणी?

जोतीरावांनी हा सवाल धर्मापुरता विचारला असे वरवर दिसते. देव आणि माणूस यांच्यामध्ये भट नको, एवढेच त्यांचे म्हणणे. पण या एका वाक्याने किती पोटे दुखली ते पाहा! त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटाविना पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी तसेच लग्न लावले, तेव्हा जोशीबुवा थेट कोर्टात गेले. मंत्र म्हटले नाहीत, तरी दक्षिणा हवी! प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत पोहोचले. न बोलावलेल्या भटाचा हा हक्क मोडण्यासाठी मुंबई प्रांतात १९२६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. मधल्या माणसाचे हितसंबंध किती चिवट असतात, हे वकिलीच्या धंद्यात रोज दिसते. तरीही ही गोष्ट वाचताना हसू आवरत नाही.

आता १९३२. ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती. एक मत स्वतंत्र मतदारसंघात, जिथे आमचा उमेदवार आम्हीच निवडणार. दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात, म्हणजे सवर्ण उमेदवारालाही आमच्या दारात यावे लागणार. या निवाड्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला आमरण उपोषण सुरू केले. त्यांचे प्राण गेले असते तर गावोगावच्या महारवाड्या-मांगवाड्यांवर काय ओढवले असते, याची जबाबदारी एकट्या बाबासाहेबांच्या खांद्यावर टाकली गेली. कराराच्या कायद्यात दबावाखाली दिलेल्या संमतीला मुक्त संमती म्हणत नाहीत. राजकारणात मात्र तिला तडजोड म्हणतात.

प्रांतिक कायदेमंडळांतील जागा वाढून १४८ झाल्या. हा आकडा आम्हाला वारंवार ऐकवला जातो. जागा वाढल्या हे खरेच, त्याचे महत्त्व कमी लेखू नये. पण कराराची कलमे वाचा. प्राथमिक निवडणुकीत अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्या चौघांपैकी एकाला संयुक्त मतदारसंघाने विजयी करायचे. म्हणजे आमच्या पहिल्या पसंतीचा माणूस पडू शकतो आणि चौथा, सवर्णांना सोयीचा, निवडून येऊ शकतो. ती प्राथमिक निवडणूकही दहा वर्षांपुरतीच होती. दुसरे मत तर गेलेच. जोतीरावांनी देवघरातून काढलेला मधला माणूस असा मतपेटीपाशी येऊन बसला. बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. गुरुशिष्यांमधला हा धागा अशा प्रसंगांतून तपासला पाहिजे.

तिसरी तारीख २४ सप्टेंबर १९८२. कराराला ५० वर्षे झाली त्या दिवशी मान्यवर कांशीरामजींनी पुण्यातून धिक्काराची मोहीम सुरू केली आणि ‘द चमचा एज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मधल्या माणसाला त्यांनी नवे नाव दिले, चमचा! पंजाबच्या या माणसाला जागे केले तेही पुण्यानेच. येथील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत ते नोकरीला असताना, १९६० च्या दशकात, बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला, त्यांना निलंबित केले गेले आणि कांशीरामजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कॅलेंडरवरच्या दोन तारखांसाठी झालेली ती लढाई पुढे कुठवर गेली, हे देशाने पाहिले.

राखीव जागांची मुदत १०४ व्या घटनादुरुस्तीने २०३० पर्यंत वाढवली आहे. ती पुन्हा वाढवायची वेळ येईल तेव्हा संसदेत भाषणे होतील. पण राखीव जागेवरचा आमदार-खासदार नेमका कोणाला उत्तर देतो, हे त्याच्याच मतदारसंघातील वस्तीने आतापासून विचारायला काय हरकत आहे?

पुणे करार अवघ्या नऊ कलमांचा आहे. शेवटचे, नववे कलम शिक्षणाचे आहे. प्रत्येक प्रांताने शिक्षणाच्या अनुदानातून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम राखून ठेवावी, असे त्यात लिहिले आहे. येत्या २४ सप्टेंबरला विहारात सत्यशोधक समाजाची आठवण काढाल, तेव्हा ही नऊ कलमेही मोठ्याने वाचा. शिष्यवृत्तीसाठी महिनोन्‌महिने ताटकळणारी मुले त्या बैठकीत असतील. नववे कलम त्यांनाच वाचायला द्या.