व्हॉल्यूम कंट्रोलमधील रोधकाचा नॉइज आणि ध्वनीची गुणवत्ता

प्रस्तावना :
महाविद्यालयीन सभागृहातील ध्वनिक्षेपण यंत्रणेत दोन प्रकारचे अनाहूत आवाज आढळतात. वक्ता थांबला असता ऐकू येणारी बारीक सळसळ हा एक व आवाजाचे बटण फिरविताना होणारी खरखर हा दुसरा. दोन्हींचा दोष ‘खराब रोधका’वर टाकण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्यांची कारणे भिन्न असून हा भेद न जाणल्यास महागडे रोधक बसवूनही दोष कायम राहतो.

औष्णिक नॉइज :
रोधकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत अनियमित हालचाल करीत असतात. त्यामुळे प्रवाह वाहत नसतानाही रोधकाच्या टोकांदरम्यान सूक्ष्म विभवांतर निर्माण होते. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत जे. बी. जॉन्सन यांनी ते मोजले, तर हॅरी नायक्विस्ट यांनी त्याची सैद्धांतिक मांडणी केली. दोघांचे शोधनिबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे विभवांतर रोध, निरपेक्ष तापमान व कंप्रतापट्टा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. रोधक कार्बनचा की धातूच्या पटलाचा, याचा येथे काहीही संबंध नाही. तापमानाचा प्रभावही अल्पच. नाशिकच्या हिवाळ्यातील पहाटेचे ८ अंश आणि उन्हाळ्यातील दुपारचे ४० अंश सेल्सिअस म्हणजे निरपेक्ष मापनात २८१ व ३१३ केल्व्हिन. त्यामुळे नॉइजमध्ये पडणारा फरक अर्ध्या डेसिबलहून कमी भरतो.

उरतो तो रोध. १०० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरचा सरकता संपर्क रोधाच्या मध्यावर असताना पुढील अवस्थेस २५ किलोओहमचा रोध दिसतो. २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचा नॉइज सुमारे २.९ मायक्रोव्होल्ट होतो. १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर घेतल्यास तो ०.९ वर येतो. तेथील संकेत १ व्होल्टचा असल्यास २.९ मायक्रोव्होल्ट म्हणजे १११ डेसिबल खाली, अर्थात कानांच्या आवाक्याबाहेर. परंतु हेच नियंत्रण पूर्व-अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी बसविले व तेथे माइकचा संकेत अवघा अर्धा मिलिव्होल्ट असला, तर अंतर ४५ डेसिबलच उरते आणि सळसळ स्पष्ट ऐकू येते. रोधकाच्या किमतीपेक्षा नियंत्रणाचे परिपथातील स्थान अधिक निर्णायक ठरते ते यामुळेच. रोध मात्र वाटेल तितका घटविता येत नाही. आधीच्या अवस्थेवर त्याचा भार पडतो.

कार्बनपट्टी आणि खरखर :
कार्बनच्या रोधकांत औष्णिक नॉइजखेरीज एकदिश विभवांतराच्या प्रमाणात वाढणारा आणखी एक नॉइज असतो. कमी कंप्रतेस तो अधिक तीव्र असतो. धातूपटलाच्या रोधकात तो पुष्कळच कमी असल्याने रोधकाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो तो येथे. बटण फिरवितानाची खरखर मात्र झिजलेल्या किंवा धूळ बसलेल्या कार्बनपट्टीवर संपर्क क्षणोक्षणी तुटल्याने होते. पट्टीवर एकदिश विभवांतर असेल तर ती फारच वाढते. ते अडविण्यासाठी नियंत्रणाच्या दोन्ही बाजूंस कपॅसिटर योजतात. कपॅसिटर गळू लागला की नवा पोटेन्शिओमीटरही खरखरतो.

प्रयोगशाळेत याचा उलगडा साध्या मल्टिमीटरने होतो. बटण स्थिर ठेवून पट्टीच्या टोकांवरील एकदिश विभवांतर मोजावे. ते आढळल्यास आधी कपॅसिटर तपासावा. त्यानंतर बटण शून्यावर आणावे. तेथे सरकता संपर्क भूमीस जोडला जात असल्याने पोटेन्शिओमीटरचा औष्णिक नॉइज जवळजवळ उरत नाही. तरीही सळसळ चालू राहिली, तर तिचा उगम पुढील अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शोधावा.