मराठीच्या बोली
मराठीच्या बोलींमधला फरक साध्या सर्वनामांतही ऐकू येतो. प्रमाण मराठीतले ‘मला’ वऱ्हाडीत ‘मले’, तर मालवणीत ‘माका’ होते. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो, त्यामुळे काळा ‘काया’ होतो. खानदेशातल्या अहिराणीवर गुजरातीची दाट छाया आहे. ‘आहे’ऐवजी तिथे ‘शे’ म्हणतात. प्रमाण भाषा पुण्याच्या सुशिक्षितांच्या बोलीवर बेतली गेली आणि छापखाने, शाळा, कचेऱ्यांमुळे रुजली. ती मुळात अधिक शुद्ध होती, हा समज चुकीचाच. बोलीत किती ताकद असते हे बहिणाबाई चौधरींच्या कवितांनी दाखवले. सतराव्या शतकापासून तंजावरला वसलेल्या मराठी घराण्यांची बोली तमिळच्या शेजारात निराळी वाढली. मराठीची बोली की नाही, या वादात दीर्घकाळ राहिलेल्या कोकणीला १९९२मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषेचे स्थान मिळाले.