कोरियन काक्दुगी, आपल्या मुळ्याची!

थंडीत आठवडी बाजारात मुळ्याचे ढीग लागले की कोशिंबीर आणि पराठ्यापलीकडे काही सुचत नाही. यंदा काक्दुगी करून बघा. ही मुळ्याच्या फोडींची किमची, म्हणजे आंबवलेलं कोरियन लोणचं. व्हिनेगर नाही, तेल नाही.

मुळा जाड, घट्ट घ्या. जून, दशीचा नको. 1 किलोच्या पाऊण इंची फोडी करा, 25 ग्रॅम मीठ (वजन करूनच!) आणि चमचाभर साखर चोळून तासभर ठेवा. सुटलेलं पाणी फेकू नका. अर्धा कप पाण्यात चमचाभर तांदळाचं पीठ शिजवून गार करा. त्यात लसूण, आलं, पातीचा कांदा आणि तिखट मिसळा. आपलं झणझणीत तिखट इथे चालत नाही. बिया काढून जाडसर कुटलेली ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीच हवी. मूळ कृतीतली खारवलेली कोळंबी वगळली तरी चालतं. आंबवणारे जिवाणू मुळ्यावरच असतात.

सगळं कालवून काचेच्या बरणीत दाबून भरा. वर चार बोटं जागा सोडा, झाकण सैल ठेवा, नाहीतर वायू साठून रस उसळतो.

घाटावर, बुलडाणा-चिखलीकडे, हिवाळ्यात दोन दिवस बाहेर ठेवा. घाटाखाली मलकापूर-शेगावकडे ऊब जास्त, तिथे एका दिवसानंतरच चाखा. बुडबुडे आले, आंबट वास सुटला की फ्रिजमध्ये. बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाकून द्या, वरवर काढून खाऊ नका.

ज्वारीच्या भाकरीबरोबर भातापेक्षाही छान लागते. कराल तेव्हा फोटो नक्की टाका!